बुधवारचा पिझ्झा

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटले. पुण्यात कर्वेनगरमधल्या एका छोट्या पिझ्झाच्या दुकानात बुधवारी दुपारी ग्लूटेन-फ्री, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन नावाचं प्रथिन नसलेला, मार्गारिटा पिझ्झा मिळतो आणि तो चांगला असतो. ‘पथ्याच्या मानाने बरा’ अशी सवलत त्याला द्यावी लागत नाही. नऊ इंची, 520 रुपये. ऑर्डर सोमवारी रात्रीपर्यंत फोनवर द्यायची, बुधवारी बारा ते साडेतीनच्या मध्ये जाऊन तिथेच बसून खायचा. पार्सल देत नाहीत. गाडी लावायला जागा नाही, रिक्षाने जा.

दुकानाचं नाव लिहीत नाही. लिहिणार आहे म्हटल्यावर मालकच म्हणाले, “ताई, लिहा बिनधास्त, पण नाव नको. बुधवारी पंधरा पिझ्झ्यांच्या वर पीठ होत नाही माझ्याकडे. लोक लांबून येणार, मी नाही म्हणणार, मग तेच लोक एक स्टार देऊन जाणार.” मुद्दा पटला. शिवाय कर्वेनगर म्हणजे काही मुंबई नव्हे, ज्याला खरंच गरज आहे तो चार ठिकाणी फोन फिरवून शोधून काढेलच. आणि नाव नसलं तरी तिथे मी काय काय पाहिलं ते उपयोगी पडेल, कारण तेच प्रश्न तुम्हाला नागपूरला, नाशिकला कुठेही विचारता येतील.

मला सीलिअ‍ॅक आहे. अ‍ॅलर्जी नाही, फॅड नाही, वजन कमी करायचं खूळ तर मुळीच नाही. कित्येक वर्षं हिमोग्लोबिन वर सरकत नव्हतं. लोहाच्या गोळ्या झाल्या, बीट झालं, खजूर झाला, लोखंडी कढईतली पालेभाजी झाली. शेवटी एका पोटाच्या डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी सांगितली, मग एंडोस्कोपी करून लहान आतड्याचे तुकडे तपासायला पाठवले आणि निदान झालं. आतड्याच्या आत जी मखमल असते, अन्नातलं सत्त्व शोषून घेणारी, ती गव्हातल्या ग्लूटेनमुळे शरीर स्वतःच झिजवून टाकतं. मग लोह कुठून लागणार अंगी? यावर औषध नाही. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य) कायमचे बंद, एवढाच इलाज. कायमचे म्हणजे चमचाभरसुद्धा नाही, आणि ‘आजच्या दिवस’सुद्धा नाही.

यावर आमच्याकडचे लोक काय म्हणतात ते ठरलेलं आहे. “मग भाकरी खा की! पिझ्झा कशाला हवा?” अहो, खाते. रोज खाते. ज्वारीची, बाजरीची, नाचणीची, तांदळाची. भाकरीचं दुःख मला कुणी सांगू नये, कारण भाकरीतही गोम आहे. गिरणीत तुमच्या आधी कुणाचे तरी दहा किलो गहू पडलेले असतात, त्याच जात्यात तुमची ज्वारी पडते. पहिलं किलोभर पीठ तर निम्मं गव्हाचंच म्हणायचं. म्हणून घरघंटी घेतली. थालिपिठाच्या भाजणीत गहू, हिंगाच्या डबीत मैदा. हो, हिंगाच्या डबीत. आपण वापरतो तो बांधानी हिंग शुद्ध नसतो, त्यात डिंक आणि बहुतेक वेळा मैदा मिसळलेला असतो. डबीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, चष्मा लावून वाचा. म्हणजे हॉटेलातलं साधं वरणसुद्धा माझ्यासाठी साधं नाही. उपवासाच्या दिवशी मात्र मी राजा असते. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, सगळं माझंच खाणं. तेही घरचं. हॉटेलात उपवासाचा वडा सामोशाच्या तेलात तळलेला निघाला तर देवाला चालेल, मला चालत नाही.

तर पिझ्झा. मी पिझ्झासाठी जीव टाकणारी बाई कधीच नव्हते. पण शाळेतल्या बायका भिशीला जमल्या की पिझ्झा, मुलाचा वाढदिवस की पिझ्झा, नणंदेकडे स्वयंपाकाचा कंटाळा आला की पिझ्झा, आणि मी आपली पर्समधला राजगिऱ्याचा लाडू काढून “नाही गं, मला चालतं” म्हणत बसलेली. वास मात्र यायचाच.

मग शोध सुरू झाला, आणि पुण्यात पिझ्झ्याला तोटा नाही. मॉलमधल्या एका ठिकाणी मेनूवर गव्हाच्या लोंबीवर काट मारलेलं चित्र होतं. बेस वेगळा आणलेला होता हे खरं, पण तो ठेवला त्याच ओट्यावर, ढकलला त्याच लाकडी फावड्याने आणि कापला त्याच गोल सुरीने, जिच्या पात्यावर आधीच्या पिझ्झ्याचा चुरा लागलेला मला काउंटरवरून दिसत होता. तिथल्या मुलाला विचारलं तर म्हणाला, “मॅडम, एवढ्याने काय होतंय.” दुसऱ्या एका आरोग्यवाल्या कॅफेत ‘मिलेट पिझ्झा’ होता. ज्वारी-नाचणी किती, असं विचारल्यावर आतून उत्तर आलं, तीस टक्के. उरलेले सत्तर? “गहू, मॅडम. नाहीतर लाटला जात नाही.” दुकानात मिळणाऱ्या नाचणीच्या बेसचीही तीच गत. पुढे नाचणीचं कणीस छापलेलं, मागे घटकांत पहिलं नाव गव्हाच्या पिठाचं. ‘मिलेट’, ‘मल्टीग्रेन’, ‘मैदा-फ्री’ यातला एकही शब्द ग्लूटेन-फ्री नव्हे, हे पाठ करून ठेवा.

एवढ्याने काय होतंय, याचा हिशोब मी एकदा मांडला. पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहायचं तर आपल्या एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम आहे की एका किलोत 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये. युरोपातही हाच आकडा आहे. म्हणजे तीनशे ग्रॅमचा अख्खा पिझ्झा अगदी मर्यादेवर असला तरी त्यात 6 मिलिग्रॅम. आता मैदा घ्या. मैद्यात साधारण दहा टक्के प्रथिनं आणि त्यातला बराचसा भाग ग्लूटेनचाच. एक ग्रॅम मैदा म्हणजे ऐंशीएक मिलिग्रॅम ग्लूटेन. फावड्यावर बेस चिकटू नये म्हणून जी चिमूट भुरभुरवतात, त्यातला पाव ग्रॅम जरी माझ्या पिझ्झ्याच्या पोटाला लागला तरी 20 मिलिग्रॅम झालं. अख्ख्या पिझ्झ्याला जेवढी मुभा, त्याच्या तिप्पट. आणि भट्टीत भाजून ते जात नाही, उकळून जात नाही. पुसून आणि धुऊनच जातं.

म्हणूनच मला अमेरिकेतल्या डॉमिनोजचं एक कौतुक वाटतं. त्यांनी 2012 मध्ये तिथे ग्लूटेन-फ्री बेस आणला तेव्हा सोबत स्वच्छ सांगून टाकलं की आमचं स्वयंपाकघर एकच आहे, सीलिअ‍ॅकवाल्यांनी हा खाऊ नये. विकायचं पण आहे आणि खोटंही बोलायचं नाही. आपल्याकडे एवढं कोण सांगतो? ज्यांच्या दहा किंवा जास्त शाखा आहेत, किंवा ज्यांचा केंद्रीय परवाना आहे, अशा हॉटेलांनी मेनूत अ‍ॅलर्जीच्या घटकांची माहिती द्यावी असा 2020 चा नियम आहे. गल्लीतल्या एकट्या दुकानाला तो लागू नाही. तिथे मालकाचा शब्द आणि आपले डोळे.

या कर्वेनगरच्या दुकानाचा पत्ता मला दवाखान्यात, रांगेत शेजारी बसलेल्या एका आईकडून कळला. तिच्या मुलीला सीलिअ‍ॅक आहे. म्हणाली, “फक्त बुधवारी जा. आणि आधी फोन करा, ते तुम्हालाच प्रश्न विचारतील.” तसंच झालं. मी माझी यादी घेऊन सरसावून बसले होते, तर पलीकडून आवाज, “मॅडम, सीलिअ‍ॅक आहे की गव्हाची अ‍ॅलर्जी?” मी चाट पडले. हा प्रश्न मला एकाही हॉटेलवाल्याने कधी विचारला नव्हता. तो का विचारायचा ते पुढे सांगते, कारण ते महत्त्वाचं आहे.

आधी बुधवारचं गणित. दुकान मंगळवारी बंद. सोमवारी रात्री शेवटचा पिझ्झा गेला की सगळं धुऊन काढतात. ओटे, फ्रीजचे दांडे, स्विचची बटणं, पंख्याची पातीसुद्धा. मैद्याचं मळलेलं पीठ गोळे करून झाकणाच्या क्रेटमध्ये मागच्या फ्रीजला जातं आणि बुधवारी चारपर्यंत तो फ्रीज उघडत नाही. मैदा हवेत बराच वेळ तरंगतो आणि मग हळूहळू खाली बसतो. मंगळवार त्याला बसायला. मंगळवारी दुपारी मालक एकटे येतात, पुन्हा ओटा पुसतात आणि ग्लूटेन-फ्री पीठ भिजवतात. ते रात्रभर फुगतं. बुधवारी बाराला शटर वर, साडेतीनला शेवटचा पिझ्झा, चारला मैद्याचे गोळे बाहेर. त्यानंतर ग्लूटेन-फ्री मागितलात तर स्वच्छ नाही म्हणतात. मी एकदा शाळेतल्या मीटिंगमुळे उशिरा पोचले तर मलाही नाही म्हणाले. भूक होती, राग आला, आणि तरीही त्यांच्याबद्दलचा माझा विश्वास त्याच दिवशी पक्का झाला.

हे सगळं का सुरू केलं, असं विचारलं. मला वाटलं आता कुणीतरी आजारी भाची-पुतणी निघणार. तर म्हणाले, “बुधवारी दुपारी धंदाच नसतो हो. भट्टी नुसती तापवून काय करायचं?”

दारावर पाटी आहे, शुद्ध पुणेरी: ‘बुधवारी चार वाजेपर्यंत मैदा मिळणार नाही. आग्रह करू नये. बाहेरचे खाद्यपदार्थ, विशेषतः वडापाव, आत आणू नयेत.’ विशेषतः वडापाव! एक गृहस्थ खरंच वडापाव खात खात बायकोची वाट बघत आत बसायला निघाले होते. त्यांना काउंटरवरच्या मुलाने हात जोडून बाहेर काढलं. “काका, कट्ट्यावर बसा, पाणी देतो तिथे.” काका पुटपुटले, पण बसले. मला मात्र आवडलं ते दुसरंच. कामाला तीन पोरं आहेत आणि तिघांच्याही डब्यात अर्थातच पोळ्या. बुधवारी डबे आत येत नाहीत. मागच्या बोळात खिळ्याला पिशव्या टांगलेल्या असतात, पोरं तिथेच जेवतात, नळावर कोपरापर्यंत हात धुतात, एप्रन बदलतात आणि मग आत. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बघू देतात, नाही म्हणत नाहीत. डब्यातल्या पोळीचा विचार ज्याने केला त्याला मी फार प्रश्न विचारत बसले नाही.

तरी थोडे विचारले. सवय. सॉस डबाबंद सोललेल्या टोमॅटोचा, हाताने कुस्करलेला, मीठ, तुळस नव्हे ती बेसिल, तेल, बस. दाटपणासाठी कसलंही पीठ नाही. फावड्याखाली मैदा की रवा? तांदळाचं पीठ, आणि तेही पाकिटबंद, गिरणीतलं नाही. भट्टी विजेची, खाली दगड, पंखा नाही. ग्लूटेन-फ्री पिझ्झा त्या दगडावर न ठेवता भोकाच्या स्टीलच्या थाळीवर भाजतात, कारण दगडाच्या खाचांत जुना मैदा असतो आणि खाचा धुता येत नाहीत. थाळ्या, फावडं, झारा, सगळ्यांच्या मुठींना निळी टेप. गोल सुरी नाहीच. पिझ्झा कात्रीने कापतात, आणि ती कात्री झाकणाच्या स्टीलच्या डब्यात राहते. बुधवारी तंदुरी पनीर बंद, कारण मसाल्यात हिंग आहे आणि मसालेवाला हिंगात काय आहे ते सांगत नाही. चिकन सॉसेज बंद, त्यात ब्रेडचा चुरा असतो. मशरूम, कांदा, ढोबळी, मका, ऑलिव्ह, भाजलेलं साधं चिकन एवढंच. मला पुरतं.

काउंटरच्या मागे लॅमिनेट केलेला एक प्रयोगशाळेचा अहवाल टांगलाय, बेसमध्ये ग्लूटेन 5 पीपीएमपेक्षा, म्हणजे किलोत 5 मिलिग्रॅमपेक्षा, कमी असा. छान आहे, पण तो एका दिवसाच्या एका बेसचा आहे. मी त्यापेक्षा बोळातल्या पिशव्यांवर जास्त भरवसा ठेवते.

आता पिठाबद्दल, कारण फोनवरचा तो प्रश्न इथे येतो. सुरुवातीला ते तांदूळ, टॅपिओका आणि इसबगोल असं घरचं मिश्रण वापरायचे. इसबगोलाला हसू नका. ग्लूटेन म्हणजे पिठाला ताण देणारी, हवा धरून ठेवणारी जाळी. ती काढून टाकली की पिठात काही धरबंदच राहत नाही, आणि इसबगोल पाण्यात फुगून थोडीफार तशीच चिकट पकड तयार करतं. जगभर ग्लूटेन-फ्री पावाला ते वापरतात. आपण अजून रात्री कोमट पाण्यातून घेण्यापुरतंच ओळखतो. पण त्या मिश्रणाचा पिझ्झा, मालकांच्याच शब्दांत, “गरम असेपर्यंत पिझ्झा, नंतर फरशी.” म्हणून आता ते नेपल्सच्या कापुटो या गिरणीचं फियोरेग्लूट नावाचं पीठ आणतात. महाग आहे, 520 रुपयांतले बरेचसे तिथेच जातात.

या पिठाच्या पिशवीवर घटक वाचाल तर डोळे पांढरे होतील. पहिलाच घटक, गव्हाचा स्टार्च. मीही पिशवी खाली ठेवली होती. पण हा स्टार्च धुऊन धुऊन त्यातलं ग्लूटेन काढून टाकलेला असतो, 20 पीपीएमच्या खाली आणलेला. सोबत मका आणि तांदळाचा स्टार्च, कुट्टूचं पीठ, आणि आपलं इसबगोल. सीलिअ‍ॅकवाल्यांना हा स्टार्च चालतो, कारण आपलं भांडण ग्लूटेनशी आहे. ज्यांना गव्हाचीच अ‍ॅलर्जी आहे त्यांचं तसं नाही. गव्हातली दुसरी कुठली प्रथिनंही त्यांना त्रास देऊ शकतात, त्यामुळे त्यांनी हा पिझ्झा खाऊ नये. मालक फोनवर आधी ते विचारून घेतात आणि अ‍ॅलर्जी म्हटलं तर ऑर्डरच घेत नाहीत. गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार आपल्याला पुण्यात नवा नाही, पण कारणासकट परत पाठवणारा विरळा.

पिझ्झा थापत होते तेव्हा मी दारातच उभी होते. कणकेचा गोळा वगैरे प्रकारच नाही. सैल, चिकट लगदा. हवेत फिरवणं, झेलणं सोडाच, लाटताही येत नाही. बोटांना तेल लावून तो थाळीवरच थालीपीठ थापतात तसा मधून कडेकडे थापत नेतात, आणि कडेला जाणूनबुजून बोटभर जाड ठेवतात. मग नुसता बेस थोडा भाजून घेतात, बाहेर काढून त्यावर सॉस आणि चीज, आणि परत आत. नेपल्सच्या लाकडाच्या भट्टीत पिझ्झा साठ-नव्वद सेकंदांत होतो, चारशे अंश सेल्सिअसच्या पुष्कळ वरच्या तापमानाला. हे ओलं पीठ तेवढ्या आचेवर बाहेरून जळेल आणि आत कच्चं राहील, म्हणून इथे आच तीनशेच्या आसपास आणि वेळ जास्त. दोन्ही फेऱ्या धरून टेबलावर यायला पंचवीस मिनिटं लागतात. पुस्तक न्या.

आला की आधी कड बघा. फुगलेली असते, वर तपकिरी-काळे फोड. पूर्वी ग्लूटेन-फ्रीच्या नावाखाली मला जे जे मिळालं त्याची कड म्हणजे नुसता थर संपायचा, बस. इथे कड मोडली की आत पोकळ्या दिसतात, लहान-मोठ्या, आणि आंबवलेल्या पिठाचा वास येतो. तो वास मी विसरलेच होते. पाव विकत घेऊन आणताना पिशवीतून यायचा, तोच. खालची बाजू उलटून पाहिली, थाळीच्या भोकांचे गोल डाग आणि मधे खरपूस. दात लावला की वर कुरकुरीत, आत ओलसर, आणि ओढला की किंचित ताणतो. किंचितच. मैद्याचा पिझ्झा तोडताना जो हिसका द्यावा लागतो तो इथे नाही, तुकडा सहज तुटतो. ज्याला तो हिसका हवा असेल त्याची निराशा होईल. टोक खाली वाकतं, त्यामुळे मधला भाग काट्याने खावा लागतो, पण ते काय मैद्याच्या पातळ पिझ्झ्याचंही होतं.

सॉस आंबट-गोड, आणि गोडवा टोमॅटोचा, साखरेचा नाही. चीज ताजं मोझरेला, भरपूर नाही, बेताचं. आपल्याकडे चीज म्हणजे बेस दिसता कामा नये अशी समजूत आहे. इथे लाल, पांढरं आणि हिरवं तिन्ही दिसतं. बेसिलची पानं शेवटी टाकतात. मीठ मात्र बेसमध्ये नेहमीच थोडं पुढे असतं. मी एकदा सांगितलं, “हात जरा आवरा,” तर मालक म्हणाले, या पिठाला मुळात चव कमी, मीठ कमी केलं की पांचट लागतं. असेल. पाणी जास्त प्यावं लागतं एवढं खरं.

मशरूमवाला घेऊ नका. मशरूमला पाणी सुटतं आणि मधला भाग बसतो. कांदा-ढोबळी-ऑलिव्ह चांगला, 590 रुपये. चिकनवाला नवऱ्याने खाल्ला, त्याचं म्हणणं चिकन कोरडं आहे. मी शाकाहारी, माझं मत नाही.

आणि आता खरी उणीव. हा पिझ्झा थांबत नाही. दहा मिनिटांत खालचा कुरकुरीतपणा जातो, पंधरा मिनिटांत कड चिवट होते. स्टार्च निवला की घट्ट होतोच, त्यात मालकांचा दोष नाही, पण गप्पा मारत निवांत खाणाऱ्यांसाठी हा पिझ्झा नव्हे. म्हणूनच पार्सल देत नाहीत, आणि ते बरोबर आहे. दोघीजणी गेलात तर दोन पिझ्झे एकदम मागवू नका. एक संपत आला की दुसरा भाजायला सांगा.

गोडाचं म्हणाल तर बदामाच्या पिठाची ब्राउनी आहे, 180 रुपये. कोरडी आणि डोक्यात जाईल इतकी गोड. पैसे वाया. त्यापेक्षा बाहेर पडून चौकात उसाचा रस प्या. कॉफी मशीनची, ठीक. बसायला पाच टेबलं, त्यातलं दाराजवळचं टाळा, दुपारचं ऊन थेट पाठीवर येतं. एसी आहे पण बुधवारी लावत नाहीत, मालक म्हणतात फिल्टरमधली धूळ नको. मे महिन्यात हे तत्त्व जड जातं. वाढणाऱ्या मुलाला घाई असते, प्लेट ठेवतो आणि टिश्यू विसरतो.

आमच्या घरचं मत विचाराल तर नवरा म्हणाला, “जरा जाड आहे, पण खाऊ शकतो.” सदाशिव पेठेत जन्मलेल्या माणसाच्या तोंडून हे आलं, म्हणजे तुम्ही समजून घ्या. मुलगा काहीच बोलला नाही. मी हात धुवायला गेले तेवढ्यात माझ्या ताटातले दोन तुकडे त्याने संपवले. त्याला गहू चालतो, घरी दुपारची पोळी-भाजी झाकून ठेवलेली होती, आणि तरी माझ्या 520 रुपयांवर हात मारला. मी चिडले, पण प्रमाणपत्र म्हणून मला ते लॅमिनेट केलेल्या अहवालापेक्षा बरं वाटलं. आता त्याच्यासाठी वेगळा सांगते.

महाग आहे का? हो. हाच मार्गारिटा संध्याकाळी मैद्याचा 340 ला आहे. इटलीत सीलिअ‍ॅकचं निदान झालेल्यांना ग्लूटेन-फ्री जिन्नस घ्यायला सरकारकडून दरमहा ठरावीक रक्कम मिळते, आणि शाळा-इस्पितळांच्या खानावळीत मागितलं तर ग्लूटेन-फ्री जेवण द्यावं असा 2005 पासून कायदाच आहे. तिथल्या सीलिअ‍ॅकवाल्यांची संघटना 1979 पासून काम करते आहे, हॉटेलांना शिकवते, यादी ठेवते. पिझ्झ्याच्या देशात पिझ्झा खाता येत नाही म्हटल्यावर लोक गप्प कसे बसतील! आपल्याकडे ते 180 रुपये मी माझ्या पगारातून भरते आणि त्याला मंगळवारच्या सफाईची मजुरी समजते. मैद्याच्या धंद्यात अर्धा दिवस मैदा बंद ठेवायचा, वर दोनदा ओटा पुसायचा, आणि पंधरा पिझ्झे विकायचे. हिशोब मांडला तर त्यांनाही फार सुटत नसावेत.

परवा मालकांनी विचारलं, “ताई, मागणी वाढतेय. रोज ठेवू का ग्लूटेन-फ्री? एका कोपऱ्यात वेगळा ओटा टाकतो.” मी म्हटलं, नका. एका खोलीत मैदा उडत असताना कोपऱ्यातला ओटा वेगळा राहत नाही. शेजारचा गाळा रिकामा आहे, तो घ्या, मधे भिंत घाला, दार वेगळं करा, मग रोज ठेवा, मी रोज नाही पण आठवड्यातून दोनदा येईन. भाडं ऐकून ते हसले. तूर्तास बुधवारच. सोमवारी रात्री नऊच्या आत फोन करा, आणि सीलिअ‍ॅक की अ‍ॅलर्जी हे आधी सांगा.